लोक, हाजिर हो!

२०१७ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक मला पाहून खुर्ची रिकामी करत होते. पोंभुर्ण्याच्या बसस्टॉपवर उतरलो की चहावाला न विचारता कप पुढे करायचा. न्हावी अर्धी दाढी तशीच ठेवून वस्तरा वर धरायचा आणि म्हणायचा, "या भाऊ, या, बसा." ज्याची दाढी अर्धी राहिली तोही चिडायचा नाही, उलट मान वळवून माझ्याकडे पाहायचा. कारण आमच्या गावच्या खुनाच्या केसमध्ये डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार एकच होता, आणि तो मी होतो.

फक्त एका माणसाने मला कधी खुर्ची दिली नाही. तो जमिनीवर पडलेल्या ट्रकच्या जुन्या टायराकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "उभं राहून बोला, भाऊ. टायरात."

त्याला सगळा तालुका हाजिरभाऊ म्हणायचा. खरं नाव मी लिहीत नाही, त्याला ते चाललं नसतं. जन्मभर त्याने दुसऱ्यांची नावं घेतली, स्वतःचं कोणी घेतलं की दचकायचा. घराणं कल्हईवाल्यांचं. बाप भांडी घेऊन गावोगाव हिंडायचा, आणि हा कोर्टात शिपाई लागला. वरोऱ्याला होता, गडचिरोलीला होता, शेवटी चंद्रपूरला. काम एकच. दारात उभं राहायचं आणि पुकारा करायचा. अमुक तमुक, हाजिर हो. तीनदा.

रिटायर झाला, पण पुकारा काही रिटायर झाला नाही. कोंबड्यांना तीनदा बोलवायचा. बाजारात वांगी दिसली नाहीत तर भर रस्त्यात "वांगे, हाजिर हो" करायचा. बायकोला घरातल्या घरात तीनदा हाक. ती चुलीपुढून ओरडायची, "अजी, एक बार में सुनाई देता है मले! मी का मुजरीम हाय का?" स्वतःच्या मुलीच्या लग्नात वरात दारात आली तेव्हा याने नवऱ्या मुलाचं नाव, बापाचं नाव, राहणार मुक्काम पोस्ट, सगळं घेऊन पुकारा केला होता. ते पोरगं घोड्यावरून उतरून हात जोडून उभं राहिलं म्हणतात. "म्हणतात" असं मी लिहिलं, पण त्याच्यासमोर हा शब्द काढायची सोय नव्हती. ते पुढे येईलच.

आवाज असा की धावती एसटी थांबायची. कंडक्टर लोक त्याला चहा पाजून प्रवासी गोळा करायला सांगत. पितळेचा जुना बिल्ला चिंचेने घासून रोज छातीवर लावायचा, खाली लुंगी. मुलाचं सायकल-पंक्चरचं दुकान स्टॉपसमोर होतं. त्याच्यापुढे चिंचेच्या सावलीत तो टायर टाकला होता आणि तेच त्याचं कोर्ट. ज्याला कुठल्याही भानगडीबद्दल काही सांगायचं असेल त्याने आधी टायरात उभं राहायचं.

आता केस सांगतो.

आमच्या गावात दोन भाऊ. मोठा आणि लहाना. दोघांची वावरं लागून, मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बापाच्या वेळचं मोहाचं झाड. बुड मोठ्याच्या हद्दीत, पण एक जाड फांदी लहान्याच्या वावरावर गेलेली, आणि फुलं सगळ्यात जास्त तिचीच पडायची. एका सांजी दोघांचं त्यावरून भांडण झालं. मोठा म्हणाला, "फांदीच तोडून टाकतो, बघू मंग काय वेचतं तू." लहाना म्हणाला, "हात लावून पाह." हे अर्ध्या गावाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मोहफूल वेचायच्या वेळेला मोठा झाडाखाली मेलेला सापडला. तोंड फुटलेलं, डोकं फुटलेलं, बाजूला कुऱ्हाड. आणि जवळ लहाना.

लहाना म्हणाला, दादा झाडावरून पडला. वर फांदी अर्धी कापलेली होती, हे खरं. पण लोक म्हणाले, ती यानेच मागून कापली. पोलीस लहान्याला धरून घेऊन गेले.

असं साल-दीड साल चाललं. चंद्रपूरच्या कोर्टात तारखा पडत होत्या आणि पोंभुर्ण्याला रोज निकाल लागत होता. मी खोटं सांगत नाही, त्या दिवसांत स्टॉपवर जी मजा होती ती नाटकात नसते. मोबाइलवर बातम्या यायच्या, एक वाचायचा, दहा ऐकायचे, अकरावा म्हणायचा की असं नाहीच. न्हाव्याचं ठाम मत, झाडासाठीच मारलं. बांगड्या विकणारी बाई म्हणायची, "झाडबिड काई नाई. मोठ्याची बायको रडली काऊन नाई? मले सांगा, काऊन नाई रडली?" एक रिटायर मास्तर होते, ते टीव्हीवर पाहून मनाचे आजार सांगायचे.

हाजिरभाऊ सगळ्यांना टायरात उभं करायचा. एकदा न्हावी उभा होता, हातात कंगवा.

"लोक म्हणते ना भाऊ, का लहान्याची नजर पयलेपासूनच..."

"थांबा." हाजिरभाऊ उठला, बिल्ला सरळ केला, रस्त्याकडे तोंड करून छाती फुगवली. "लोक, हाजिर हो! लोक, हाजिर होऽ! लोऽऽक, हाजिर होऽऽ!"

समोरून एक म्हैस गेली. हाजिरभाऊने दोन्ही बाजूंना पाहिलं, वाट पाहिली, परत येऊन बसला. "लोक गैरहाजर. पुढं बोला."

न्हावी कंगवा खिशात घालून टायराबाहेर आला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसरी त्याची खोड म्हणजे क्रियापद पकडायचा. कोणी "दिलं" म्हटलं की, "काय दिलं? कोणाले?" "मारलं" म्हटलं की, "काय मारलं? माशी? डोळा? गप्पा?" मास्तर वैतागायचे. "अहो, संदर्भाने कळतं." हाजिरभाऊ म्हणायचा, "मास्तर, संदर्भ टाइप होत नाही."

हे तो उगाच करत नव्हता. गडचिरोलीला असतानाची एक गोष्ट त्याने मला सांगितली होती. धानोऱ्याकडचा एक गोंड म्हातारा साक्षीला बोलावलेला. याने कागदावरचं नाव तीनदा पुकारलं, कोणी उठलं नाही. साहेब वॉरंट काढायच्या तयारीत. म्हातारा समोर पायरीवर बसून बिडी ओढत होता, सकाळपासून. हाजिरभाऊच्या मनात काय आलं, बाहेर गेला, त्या गावच्या माणसांना विचारलं की याला घरी काय म्हणून हाक मारतात. मग ते घरचं नाव दारातून पुकारलं, आणि म्हातारा चटकन बिडी विझवून उभा! कागदावरचं नाव शाळेतल्या कोणी कधीतरी लिहून दिलेलं, ते त्याने आयुष्यात ऐकलंच नव्हतं. "कागदावर एक माणूस असते, पायरीवर दुसरा असते," हाजिरभाऊ म्हणायचा. "दोघाले एक करणं हेच माझं काम होतं. बाकी ओरडणं काय, गाढवही ओरडते."

मला तो नेहमी टायरात यायला सांगायचा आणि मी जायचो नाही. "मी खऱ्या कोर्टात सांगीन," म्हणायचो आणि चहा घ्यायचो. लोक आणखीच झुरायचे. "पण भाऊ, पाह्यलं ना तुमी? मारताना पाह्यलं ना?" मी नुसता डोळे बारीक करायचो. मला मोठं सुख होतं त्यात. लपवून काय करू? दोन वर्षांआधी मोठ्याशी माझी बोलचाल बंद झाली होती, बैलाच्या वाटेवरून. म्हणून त्या पहाटे मी माझ्या झाडाखालून पाहिलं पण गेलो नाही. मला वाटलं, चक्कर आली असेल, पाहील त्याचा भाऊ. ओरड झाली तेव्हा गेलो. जे वेळेवर केलं नाही त्याच्यामुळेच मी मोठा माणूस झालो होतो, हे तेव्हा मनात येऊ दिलं नाही.

दोघा भावांची आई प्रत्येक तारखेला स्टॉपवर यायची. फडक्यात बांधलेला डबा मांडीवर. जेलमधल्या पोराला तो डबा देऊ देत नसत, तरी न्यायची. स्टॉपवर केवढाही गलका असो, ती आली की लोक हवापाण्याचं बोलू लागायचे. मला तिने कधी काही विचारलं नाही. एकदा फक्त एसटीत चढता चढता म्हणाली, "भाऊ, तुमी पाह्यलं ना? मंग पाह्यलं तेवढंच सांगजा. कमी नोका सांगू अन् जास्त नोका सांगू." मी म्हटलं, "तेवढंच सांगीन, बाई."

साक्षीची तारीख लागली. आदल्या दिवशी सरकारी वकिलांनी चंद्रपूरला बोलावून घेतलं. भला माणूस, घाईत होता. पोलिसांना दिलेल्या जबाबाची नक्कल माझ्या हातात दिली. "काका, हे तुमचंच आहे. वाचून घ्या, उद्या असंच सांगायचं." मी चष्मा लावला, कागद डोळ्यांपुढे धरला, मान हलवली, एकदा पान उलटलं. "बरोबर आहे," म्हणालो.

मी दुसरी पास आहे. तिसरीत महिनाभर बसलो. पाटीवरची मोठी छापील अक्षरं एक एक करून लागायची, पण हाताने जोडून ओढलेलं लिखाण म्हणजे मला काळ्या मुंग्यांची रांग. हे माझ्या बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. जबाब घेतला त्या दिवशीही असंच झालं. लिहिणारा पोलीस तिकडे पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेला, अदबीचा पोरगा. त्याने विचारलं, "बाबा, वाचता येतं ना?" चार माणसांत विचारलं. मी म्हटलं, "येते ना." आणि कागद धरून बसलो, मनात शंभरपर्यंत मोजलं आणि परत दिला.

चंद्रपूरहून तीनच्या गाडीने परत आलो. स्टॉपवर जत्रा भरली होती. उद्या साक्ष! मी उतरलो तर चहावाल्याने माझ्या हातातला कागद पाहिला आणि ओरडला, "जबाब आणला भाऊनं!"

"वाचा! वाचा!"

"टायरात! टायरात वाचा!"

मला हाताला धरून टायरात उभं केलं. मी इतके महिने टाळलं होतं. वीस-पंचवीस डोकी तरी असतील, बांगडीवाली बाई पुढे, न्हावी फडकं खांद्यावर टाकून. मी कागद उघडला. मुंग्या.  "चष्मा..." मी म्हटलं, आणि चष्मा तर डोळ्यांवर होता.

कोणीतरी हसलं.

तेवढ्यात हाजिरभाऊ उठला. त्याने माझ्या हातून कागद असा ओढला की फाटायचाच. "कोर्टात द्यायच्या अगोदर जबाब चौकात वाचता? शरम नाई? उद्या साक्ष बाद झाली तं कोण भरून देईल? चला! कोर्ट उठलं!" आणि त्या आवाजात तीनदा, "कोर्ट उठलं! उठलंऽ! उठलंऽऽ!" लोक बडबड करत पांगले. न्हावी म्हणाला, "अबे, एवढा का भडकला हा?"

सगळे गेल्यावर हाजिरभाऊने मला पंक्चरच्या दुकानात आत बसवलं. टायरात तो सगळ्यांना तुमी म्हणायचा. आता तू वर आला.

"कवापासून?"

"काय कवापासून?"

"तू गाडीची पाटी पाहून दर वेळी मले विचारतं, 'भाऊ, कोणती लागली?' पंधरा वर्षं झाली. मी काय आंधळा हाय?"

 त्याने माझ्याकडे न पाहता कागद वाचायला सुरुवात केली, हळू, पुकाऱ्याच्या उलट आवाजात. तारीख, नाव, गाव. मग आलं, "लहान भाऊ नाल्याकडून धावत आला, खाली बसला व मोठ्या भावाच्या तोंडावर मारून तेथेच राहिला."

"काय?" मी उठलो. "पुन्हा वाच."

त्याने वाचलं.

"मी असं नाई म्हटलं! खोटं लिवलं साल्यानं!"

"तू काय म्हटलं? शब्दाला शब्द सांग."

"मी म्हटलं, लहाना नाल्यावरून धावत आला, खाली बसला, अन् मोठ्याच्या तोंडावर मारून राह्यला होता."

"काय मारून राह्यला होता?"

"पाणी! अजून काय? तोंडावर माणूस पाणीच मारते ना, चक्कर आली तं!"

हाजिरभाऊ कागद मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत बसला. "पाणी तू म्हटलं?"

मी आठवलं. नीट आठवलं. आमच्यात मला कमी बोलणारा म्हणून मान आहे. "नाल्यावरून आला म्हटलं ना मी. नाल्यावरून माणूस काय आणते? पाणीच आणते."

"दगडही नाल्यावरच भेटतात, लेका."

मी परत खाली बसलो.

"त्या पोराचा दोष नाई," तो म्हणाला. "आपण 'मारून राह्यला' म्हणतो म्हणजे ते काम चालू हाय. तिकडे 'मारून राहिला' म्हणजे मारलं आन् मंग थांबला. त्यानं त्याच्या कानानं ऐकलं, त्याच्या हातानं लिवलं. आन् तू पाणी गिळलं. आता पुढं ऐक. खाली लिवलं हाय, 'सदर जबाब मी स्वतः वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.'"

बाहेर मुलगा ट्यूब पाण्यात दाबत होता, बुडबुडे येत होते. मी तेच पाहत बसलो. साल-दीड साल मी चहा पीत होतो, आणि लहाना जेलात बसला होता तो माझ्या एका खाल्लेल्या शब्दावर. त्याची आई मला म्हणाली होती, कमी नोका सांगू. मी आधीच कमी सांगून बसलो होतो.

"उद्या सांगतो ना, पाणी म्हणून," मी म्हटलं.

"सांगशीन. मंग सरकारी वकील उठन, विचारन, जबाबात पाणी नाई, आज कुठून आलं? म्हणन, लहान्याच्या घरच्यांनी फिरवला याले. आन् विचारन, तुमी तं स्वतः वाचला होता. मंग?"

"मंग काय सांगू?"

"ते मी कसं सांगू? साक्षीदाराले शिकवणं गुन्हा हाय." त्याने बिल्ला लुंगीच्या टोकाने पुसला. "पण सारा गाव बसून राहीन तिथी, हे ध्यानात ठेव. तुले ते जड जाईन. मले माहीत हाय."

मी त्याला शिवी दिली. सरळ शिवी दिली आणि घरी निघून आलो. मला राग कशाचा आला होता? त्याला पंधरा वर्षं माहीत होतं याचा, आणि त्याने एकदाही कोणाला सांगितलं नाही याचा.

हाजिरभाऊ आता नाही. टायर आहे. त्या साक्षीनंतर दोन वर्षं मी त्याच टायरावर बसून त्याच्याकडून अक्षरं जोडली, जुन्या समन्सच्या पाठकोऱ्या बाजूवर. पहिलं वाक्य त्याने मला लिहायला लावलं ते "पाणी मारले." पुढचं, "पाणी मारत होता." तो म्हणायचा, "बोलताना मलेच म्हण, लिहिताना मला लिही, आन् मधात काय सांडते त्यावर डोळा ठेव." लहाना आता त्याच झाडाखाली मोहफूल वेचतो. ती अर्धी कापलेली फांदी त्याने तशीच ठेवली आहे, तिच्या एका अंगाने पुन्हा पालवी येते. निकाल कसा लागला, कोणाची साक्ष धरली, कोणाची नाही, हे सांगायला आमच्या स्टॉपवर अजून दहा माणसं तयार असतात. मला सांगायची आहे ती फक्त साक्षीची सकाळ.

सकाळची पहिली गाडी भरून गेली. चहावाला दुकान बंद करून आला, न्हावी आला, बांगडीवाली, मास्तर, झाडून सगळे. हाजिरभाऊ बिल्ला लावून खिडकीत बसला होता. माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. भावांची आई सगळ्यांत पुढच्या सीटवर, डबा मांडीवर.

कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो. अकरा वाजून गेल्यावर नवा शिपाई दारात आला आणि मोबाइलमध्ये पाहत माझं नाव पुटपुटला. मी उठणार, तोच पाठीमागे हाजिरभाऊ उभा राहिला. त्याला राहवलंच नाही. "असं घेतात काय नाव? माणूस हाय तो!" आणि छाती फुगवून त्याने माझं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव घेऊन असा पुकारा केला की वरच्या माळ्यावरचे वकील जिन्यात आले. तीनदा. पोलीस धावत आले त्याला गप्प करायला. मी तिसऱ्या पुकाऱ्याला आत शिरलो.

साक्षीदाराचा पिंजरा टायरापेक्षा अरुंद होता. शपथ घेतली. लहाना कोपऱ्यात उभा, वाळून काडी झालेला. मागच्या बाकांवर पाहिलं. त्या दिवशी मात्र लोक खरोखर हाजिर होते, एकूण एक.

मी पाहिलं ते सांगितलं. नाला सांगितला, ओंजळ सांगितली, पाणी सांगितलं. सरकारी वकिलांचा चेहरा पडला. त्यांनी कागद वर धरला. "जबाबात पाणी कुठेच नाही, काका. आणि हा जबाब तुम्ही स्वतः वाचून पाहिला होता. त्या वेळी का नाही सांगितलं?"

मी खाली मान घालून काहीतरी म्हणालो. टाइप करणाऱ्या बाईंना ऐकू गेलं नाही.

"मोठ्याने सांगा," साहेब म्हणाले.

मग मी मान वर केली, छाती भरून घेतली आणि बाहेर व्हरांड्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, "मले वाचता येत नाई, साहेब. पाहता येते."